मोठ्या आईची बाजू

माझ्या भावानं पहिलं घर बांधलं ते चुलीतल्या राखेनं. आज त्याचं नाव मोठं आहे. मासिकांत फोटो येतात, बाहेरच्या देशातली पोरं त्याच्या हाताखाली शिकायला येतात, आणि दर मुलाखतीत तो सांगतो की लहानपणी जुन्नरची लेणी बघितली आणि मला पोकळीचा अर्थ कळला. कसली पोकळी अन् कसलं काय. मी त्याची थोरली बहीण, मंचरला माझं शिलाईचं दुकान आहे, आणि लेण्यांवर आमची सहल गेली तेव्हा मी सोबत होते. हा पायऱ्या चढून दमला, माकडानं याची भाकरी पळवली आणि हा उतरेपर्यंत रडत होता, एवढंच मला आठवतं. ते तो सांगत नाही. न सांगू दे. पण राखेच्या घराबद्दलही चकार शब्द काढत नाही, त्यानं मात्र माझं डोकं उठतं. म्हणून मी सांगते.

आमचं मूळ गाव घोड नदीच्या वरच्या खोऱ्यात. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथं आमची एका छपराखाली दोन घरं होती. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला माझी चुलती, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते लवकर गेले, पोरबाळ नव्हतं. तिला आम्ही मोठी आई म्हणायचो. मधली भिंत दोन्ही घरांची सामाईक, आणि त्या भिंतीत चुलीच्या उंचीवर एक आरपार कोनाडा होता. त्यातून निखारा जायचा, विरजण यायचं, कालवणाची वाटी जायची, गावभरची गाऱ्हाणी इकडून तिकडं व्हायची. दोघी जावांना एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, हात तेवढे दिसायचे.

भाऊ तर त्या कोनाड्यातूनच पलीकडं जायचा. चांगलं दार असताना. अंगानं नुसती काडी होता, सुळकन निघून जायचा. जेवण तिकडं, झोप तिकडं. तिन्हीसांजेला आईनं हाक मारली की भिंतीपलीकडून मोठी आई म्हणायची, "झोपलंय गं, ऱ्हाऊ दे." आई पुन्हा हाक मारायची नाही. भांडी घासायला बसायची आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायचा.

मग पाणी चढायच्या आधी गाव हललं. आमच्याकडं घर सोडताना घर मागं ठेवत नाहीत, सोबत नेतात. कौलं उतरवली, खांब, तुळया, वासे, चौकटी सगळं उकललं. परत जोडताना घोळ नको म्हणून लाकडांवर खुणा केल्या. आमच्या लाकडांवर गेरूच्या, मोठ्या आईच्या लाकडांवर चुन्याच्या. सगळं एकाच ट्रकात चढलं. कळंबच्या पुढं, कालव्याच्या खालच्या अंगाला आम्हाला जागा मिळाली होती, पण तिथं सगळं उघडं माळरान, डोक्यावर ताडपत्री. वडील मोठ्या आईला म्हणाले, "वहिनी, तुमी थोडं दिस माहेरी ऱ्हावा. घर उभं ऱ्हायलं का न्यायला येतो." तिचं माहेर खोडदच्या बाजूला. तिचा भाऊ न्यायला आला. निघताना माझ्या भावानं तिचा पदर असा धरला होता, की एकेक बोट सोडवावं लागलं. तेव्हा तो जेमतेम सात वर्षांचा होता.

वडिलांनी घर बांधायला काढलं ते मधल्या भिंतीपासून. गवंडी म्हणाला, भाऊ, आधी दर्शनी बाजू घ्या, लोकं दर्शनी बाजू घेतात. वडील म्हणाले, "ही दोघांची हाय. ही आधी." भिंत उभी राहिली, त्यात जुन्या मापानं आरपार कोनाडाही ठेवला. मग आमच्या बाजूच्या खोल्या झाल्या, छप्पर झालं. मोठ्या आईची बाजू सुगीनंतर करायची ठरली. तिची चुन्याच्या खुणांची लाकडं त्या भिंतीच्या पलीकडं एका कडेला रचून वर कागद टाकला. आणि तिथंच ते थांबलं.

आता हे घर कसं दिसत असेल बघा. तीन बाजूंनी घरासारखं घर. चौथ्या बाजूला मात्र नुसती उंच भिंत, खिडकी नाही, पाखं नाही, छप्पर भिंतीशीच कापल्यासारखं संपलेलं. कारण पुढचं छप्पर तिच्या घराचं येणार होतं. पाऊस लागला की सगळा त्या भिंतीवर. आतून पोपडे पडायचे, अंथरुणं ओली व्हायची. शेजारपाजारचे वडिलांना म्हणायचे, राव, दोन पत्रे पुढं काढा, लई खर्च नाही. वडील एकच बोलायचे, "पत्रे काढल्यावर तिचं घर जोडायचं कुठं?" आणि आई, जी घरात एक उलथनं वाकडं ठेवू द्यायची नाही, ती त्या ओल्या भिंतीबद्दल कधी एका शब्दानं बोलली नाही. दर पावसाळ्यानंतर गुपचूप शेणमातीनं लिंपून घ्यायची.

कोनाड्यातून पलीकडं आता माळ दिसायचा. वारा यायचा, आणि एक आवाज यायचा, कुणी तरी बसता बसता सुस्कारा टाकावा तसा. मला फार भीती वाटायची. मी त्याच्यात जुनं पोतं कोंबलं. दुसऱ्या दिवशी ते काढलेलं. मी पुन्हा कोंबलं, पुन्हा काढलेलं. भावाला दोन धपाटे घातले, तर तो म्हणाला, "मी न्हाई काढलं, आईनं काढलं."

सुरुवातीला तो वडिलांना रोज विचारायचा, मोठ्या आईला कधी आणायचं. सकाळी विचारायचा, शेतात भाकरी घेऊन गेला की विचारायचा. वडील म्हणायचे, बघू. पुढं पुढं ते त्याच्याकडं बघायचेही नाहीत. मग एक दिवस यानं चुलीतली राख घमेल्यात भरून बाहेर नेली आणि त्या भिंतीला चिकटून माळावर रेघा मारायला लागला. पावलं मोजून. इथं पडवी, इथं माजघर, इथं चूल, इथं तिची कणगी. जिथं दार होतं तिथं रेघ सोडलेली. खोऱ्यातल्या मोठ्या आईच्या घरातलं तो काही म्हणता काही विसरला नव्हता. उंबरा कुठं झिजला होता तिथं रेघसुद्धा पुसट काढलेली. मी वाळवण घालायला सरळ रेघा ओलांडून चालले तर ह्यानं केकाटून मला मागं ओढलं. "भिंतीतनं काय चालतीस? दारातनं ये." मी म्हटलं, बरं बाबा, आणि आले दारातून. चपला बाहेर काढून.

वाऱ्यानं राख उडायची. तो परत भरायचा. आई अंगण झाडताना त्या रेघांपाशी आली की केरसुणी थांबायची, वळसा घालून पुढं जायची. तिथून पुढं त्या जागेवर आमच्यापैकी कुणीच सरळ चाललं नाही. मी अजून चालत नाही. माझा नवरा हसतो मला. म्हणतो, मोकळ्या रानात कुणाच्या भिंतीला धडकशील. त्याला काय सांगू.

मोठी आई एकदाच आली. आमच्या नव्या वस्तीची पहिली जत्रा होती, तिचा भाऊ तिला एसटीनं घेऊन आला. वाळली होती. वडील तिच्या पाया पडले आणि जे रानात निघून गेले ते रात्रीच जेवायला आले. माझ्या भावानं तिचा हात धरून तिला भिंतीपलीकडं नेलं. तिनं सगळं बघितलं. हसली नाही, कौतुक केलं नाही. दार सोडलं होतं तिथून वाकून आत गेली, वर छप्पर असल्यासारखी, आणि चुलीपाशी बसून म्हणाली, "चूल हितं न्हाई रं. हितं वाऱ्यानं धूर डोळ्यात जाईल. नव्या जागंत चूल हिकडं." त्यानं लगेच राख पुसून चूल हलवली. मी आतल्या बाजूला होते. आईनं कोनाड्यातून चहा पुढं केला आणि पलीकडून दोन हात आले. कप धरला तरी आईनं तो सोडला नाही, क्षणभर दोघींचे हात तसेच राहिले. मग आईनं हात काढून घेतला.

ती दोघं दिवस मावळेपर्यंत त्या राखेच्या घरात बसली होती. मी गेले तर मोठी आई म्हणाली, "जा गं बाय, आईला मदत कर." सकाळच्या गाडीनं ती परत गेली. त्या दिवसापासून भावानं वडिलांना विचारणं बंद केलं. मला वाटलं, पोरगं शहाणं झालं.

तिच्या माहेराहून कुणी भेटलं की निरोप यायचे. खोडदला तेव्हा त्या दुर्बिणीच्या थाळ्या उभ्या राहत होत्या, लोक सांगायचे त्या आभाळातलं ऐकतात. मोठी आई म्हणाली होती म्हणे, "आभाळातलं ऐकत्यात तर माझ्या दिराला ऐकू जाईल असं कायतरी करा म्हणावं." आम्ही हे ऐकून हसलो. वडील हसले नाहीत.

मग ती गेली. तापाचं निमित्त झालं. एसटीनं तास-दीड तासाची वाट, आणि आम्हाला कळलं ते माती झाल्यावर. वडील जाऊन आले, त्या भिंतीकडं तोंड करून झोपले, ते दुसऱ्या दिवशी उठले. तिची लाकडं वाळवीनं पोखरली होती, चुन्याच्या खुणांसकट. वडिलांनी ती कुणाला जाळूसुद्धा दिली नाहीत. भावानं एक टिपूस काढलं नाही. घमेलं घेऊन गेला आणि सगळ्या रेघा नव्यानं भरल्या, हलवलेल्या चुलीसकट.

आणि त्या संध्याकाळपासून आईनं कोनाड्यात वाटी ठेवायला सुरुवात केली. भाकरीचा चतकोर, जे कालवण असेल ते. ठेवताना हळूच म्हणायची, "घ्या बाई." एवढंच. पुढची कितीतरी वर्षं. वाटी रिकामी व्हायची हे खरं. कुत्री असतील, मांजर असेल. मी कधी पलीकडं जाऊन बघितलं नाही. एवढी छाती नव्हती माझी. पलीकडून वाटी सरकल्याचा आवाज आला की आई काम थांबवायची, आणि आम्ही तिघं एकमेकांकडं बघायचं टाळायचो. असं घर होतं आमचं. त्यात वाढलेल्या पोराला पोकळी शिकायला लेण्यावर जावं लागतं होय?

बारावीनंतर तो पुण्याला गेला. सुट्ट्यांत जुन्नरला एका मिस्त्रींच्या कारखान्यात लाकडाचे सांधे शिकायचा. ते मिस्त्री त्याला म्हणायचे, तू घर बांधणार नाहीस, घराची चौकशी करत फिरणार. कॉलेजात मात्र याचं काही धड चालेना. नकाशे सुरेख, पण दर नकाशात एक बाजू कोरी ठेवायचा. सर विचारायचे, इथं काय आहे? हा म्हणायचा, नंतर येणार आहे. एकदा नापास झाला. दुसऱ्या वर्षी कुणा सरांनी म्हटलं, अरे तुमच्याकडं लेणी आहेत, हे सगळं तिथून आलंय असं लिही. यानं लिहिलं आणि पहिला आला. तेव्हापासून लेणी याच्या मानगुटीवर बसली ती बसली.

पहिलं काम मिळालं ते मंचरच्या एका मारवाडी व्यापाऱ्याकडं. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या, दुकानामागच्या घरात मधे भिंत घालून हवी होती. हा म्हणाला, घालतो, पण तिच्यात एक आरपार कोनाडा ठेवीन. थोरला म्हणाला, नको. धाकटा म्हणाला, नकोच. दोघांच्या बायका स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ठेवा. ठेवला. त्या घराचे फोटो कुठं तरी छापून आले, आणि मग काय, घोडं उधळलं. मुंबईला केलं, बंगळूरला केलं, परदेशात कुठं कुठं केलं. त्याच्या प्रत्येक कामात एक मोठी कोरी भिंत असते आणि तिच्यात एक भोक. मोठमोठी माणसं त्या भोकापुढं उभी राहून फोटो काढतात. मी एकदा त्याच्या एका बंगल्यात गेले, ती भिंत बघितली आणि तिथंच खाली बसले. बंगल्याची बाई म्हणाली, पाणी देऊ का. मला वाटत होतं, आता पलीकडून वाटी सरकणार.

जगाला घरं दिली आणि आईच्या घरी हा एक रात्र राहिला नाही. वडील गेले तेव्हासुद्धा नाही. सकाळी यायचा, फळं आणायचा, आईच्या हातचं पोटभर जेवायचा, पाच वाजले की बूट घालायचा. "ऱ्हा की रं आजच्या दिस," आई म्हणायची. "काम हाय गं." मी गाडीपर्यंत जाऊन भांडायचे. म्हणायचे, तुझं काम आईपेक्षा मोठं झालं काय? तो काच वर करायचा. आई सगळ्यांना सांगायची, लेक लई मोठा झालाय. आणि माझ्यापाशी एकच रडगाणं, एकदा मुक्कामाला आला असता तर. तिला दुसरं काही नको होतं.

गेल्या हिवाळ्यात वस्तीवर बिबट्या फिरायला लागला. आता त्याचं कुणाला नवल नाही, उसात त्यांची पोरं वाढतात. पण आई एकटी राहते. एका सकाळी मी गेले तर त्या भिंतीपलीकडं, राखेच्या घराच्या जागी, पायाचे ठसे होते. येऊन कोनाड्याखाली बसलेला दिसत होता. आई शांतपणे म्हणाली, "बसला आसंल घडीभर. कुणीतरी बसायचंच तिथं." मी भावाला फोन केला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. पंधरवड्यात तो नकाशा घेऊन हजर.

आम्ही तिघं ओट्यावर बसलो. दुपार कलली होती. त्यानं कागद पसरला आणि आईला समजावून सांगायला लागला, म्हाताऱ्या माणसाला सांगतात तसं मोठ्यानं. मधली भिंत राहील. पलीकडं पक्कं घर, जाळी, दिवे, आंघोळीला गरम पाणी. तिकडं आई राहील, हे जुनं तसंच ठेवू. "मोठ्या आईची बाजू बांधून टाकू," तो म्हणाला. "लई वर्षं ऱ्हायलीय."

"मी तिथं ऱ्हायची न्हाई," आई म्हणाली. "ती तिची जागा हाय."

"आई, ती गेली. तीस वर्षं झाली."

"मीच येऊ दिलं न्हाई तिला."

कालव्यावर कुणाची तरी मोटर चालू होती, तिचा आवाज मला आठवतो. आई कागदाकडं बघत बोलत होती. "तुमचा बाप बैलगाडी जुपून तयार व्हता तिला आणायला. मी म्हणाले, ती आली तर मी हिरीत उडी घेईन. हे पोरगं तिला आई म्हणायचं आन् मला 'अगं ए' म्हणायचं. मला वाटलं, आता नवं गाव हाय, नवं घर हाय, थोडं दिस तरी माझं होऊ दे. मग आणू. मग आणू म्हणता म्हणता ती गेली. तुमच्या बापानं मरंपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई."

आयुष्यभर मी वडिलांना दोष दिला होता. शब्द मोडणारा माणूस म्हणून.

भाऊ म्हणाला, "मला म्हाईत हाय."

आईनं मान वर केली.

"तिनं सांगितलं मला. जत्रेला आली व्हती तवा. म्हणाली, तुझ्या आईचं बरोबर हाय, तू तिचा हाईस. तिला आईच म्हणायचं. आन् माझ्याबद्दल तिला कवा काय इचारायचं न्हाई. गळ्याची शपथ घातली."

"आन् तू इचारलं न्हाईस."

"न्हाई."

"मी वाट बघत व्हते रं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "रोज वाटायचं, आज इचारतोय. इचारलं का सांगून टाकीन, मग काय म्हणायचं ते म्हण. जरा रात्र झाली, माणसं निवांत बसली का निघतं तोंडातनं असलं. तू तर पाच वाजता पळायचास."

"म्हणून तर पळायचो," तो म्हणाला. "अंधार पडला का माझ्या तोंडाशी यायचं. ऱ्हायलो असतो तर इचारलं असतं."

पाच कधीच वाजून गेले होते. गाडी रस्त्यावर उभी होती, ड्रायव्हर दोनदा आमच्याकडं बघून गेला. आई नकाशा बाजूला सारून त्याच्याजवळ सरकली.

"मग आता इचार," ती म्हणाली. "तिची शपथ माझ्यावर."

चाळिशी ओलांडलेला माणूस, केस पांढरे झालेले. मला वाटलं, विचारेल, का गं असं केलंस. मी आईच्या बाजूनं बोलायची तयारीसुद्धा केली होती. त्यानं विचारलं, आणि तो आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

"मोठ्या आईला कधी आणायचं?"

आई त्याचा हात धरून बसून राहिली. दिवस मावळला तरी कुणी उठलं नाही, आणि शेवटी मीच आत जाऊन दिवा लावला.